सातपुड्यातील किनारा आणि विद्यार्थ्यांची नोंदवही

परीक्षांचे दिवस जवळ आले की गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत पर्यावरण-प्रकल्पाच्या तयार वह्यांना गिऱ्हाईक लाभते. प्रस्तावना छापील, उद्दिष्टे छापील, निरीक्षणे छापील आणि निष्कर्षही छापीलच. विद्यार्थ्याने आपले नाव व हजेरी क्रमांक तेवढा घालायचा. समुद्र कधीही न पाहिलेला धडगावचा विद्यार्थी कोकणातील खारफुटीची तोड, वाळूचा उपसा आणि किनाऱ्यालगतची बांधकामे यांवर चार पाने उतरवून काढतो, त्यावर सही होते, गुण मिळतात आणि वही रद्दीत जाते. या व्यवहारात कोणाचेच काही बिघडत नाही, असे वरकरणी वाटते. परंतु ज्याच्या घरापासून काही कोसांवर माणसाने डोंगरात एक संपूर्ण नवा किनारा निर्माण केला आहे, त्यानेच दूरच्या किनाऱ्याची उसनी निरीक्षणे लिहावीत, ही विसंगती लहान नाही.

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या मधून सातपुड्याची रांग जाते. तिच्या उत्तरेचे पाणी नर्मदेला मिळते, दक्षिणेचे तापीला. दोन्ही नद्या पश्चिमवाहिनी, दोन्ही गुजरातेतून पुढे जाऊन खंभातच्या आखाताच्या परिसरात समुद्राला मिळणाऱ्या. म्हणजे अक्राणीच्या डोंगरउतारावर पडलेला पावसाचा थेंब आणि तोरणमाळच्या पायथ्याची सुटलेली माती यांचा अखेरचा मुक्काम किनारपट्टीवरच आहे. किनारा समुद्रापाशी सुरू होतो, हा समज नकाशापुरता खरा. गाळ, गोडे पाणी आणि मासे यांच्या हिशेबात तो सातपुड्यापासूनच सुरू होतो.

मात्र या जिल्ह्यात अभ्यासण्याजोगा किनारा केवळ या अर्थानेच आहे, असे नव्हे. येथे एक प्रत्यक्ष किनारा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. धरणाच्या एकूण २४५ बाधित गावांपैकी मध्य प्रदेशातील १९३ आणि गुजरातेतील १९ वगळता उरलेली ही महाराष्ट्राची. नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून अवघे ५४ किलोमीटर वाहते. पण तेवढ्या अंतरात आता नदी नाही, जलाशय आहे. त्याचे पाणी उदईसारख्या उपनद्यांच्या दऱ्यांतून आत घुसते आणि जेथे पूर्वी पायवाट होती तेथे होडी लागते.

अठ्ठावीस मीटरांचा पट्टा

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसलेल्या या प्रकल्पाचा पाणीवाटपाचा तंटा लवादाने १९७९ मध्ये निकालात काढला. विरोध, जागतिक बँकेची १९९३ मधील माघार, सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २००० चा निकाल या टप्प्यांतून जात जात धरण पूर्ण उंचीला पोहोचले. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पाणी वापरण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर. या दोन आकड्यांमध्ये २८ मीटरांचे अंतर आहे, आणि विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय अभ्यासाचा खरा विषय या अंतरात दडलेला आहे.

कोकणातल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि तिच्या वेळा पंचांगावरून सांगता येतात. सातपुड्यातल्या या किनाऱ्याची भरती पावसाळ्यात येते, ओहोटी उन्हाळ्यात लागते, आणि तिचे वेळापत्रक चंद्र ठरवीत नाही; पाऊस, कालव्यांची गरज आणि विजेची मागणी ते ठरवितात. चार मीटर आडवे चालताना एक मीटर उतरणारा डोंगर धरला, तर २८ मीटरांची ही चढउतार सुमारे ११२ मीटर रुंदीचा पट्टा वर्षातून काही काळ पाण्याखाली घेते आणि काही काळ उघडा टाकते. नाल्यांच्या मुखाशी, जेथे उतार मंद आहे, तेथे हा पट्टा कितीतरी अधिक रुंद होतो. तो ना धड जमीन, ना धड पाणी. त्यावर जुनी झाडे टिकत नाहीत. कोणती वनस्पती तेथे नव्याने रुजते, गाळाचा थर वर्षाला किती चढतो, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळावर कोण पेरणी करते आणि ते पीक हाती येण्यापूर्वी पाणी चढले तर नुकसान कोणाच्या खात्यावर लिहिले जाते, हे प्रश्न तेथे उभे राहिल्यावर कोणत्याही विद्यार्थ्याला सुचतील. त्यांची उत्तरे कोणत्याही छापील वहीत नाहीत.

मानवी हस्तक्षेपाचा परिणाम पाण्याच्या काठापाशीच थांबतो असेही नाही. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकात तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. म्हणजे नर्मदेचे पाणी सातपुडा ओलांडून दक्षिणेला गेले नाही, पण त्याच्या दाबाने सरकलेली माणसे गेली, आणि त्या माणसांसाठी जंगल गेले. त्या वनजमिनीवर आधीपासून कसणारे आदिवासीही होते. त्यांचा प्रश्न वेगळाच उभा राहिला. एका कृतीचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी, तिसऱ्या माणसावर कसा होतो, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम असे कोरडे नाव आहे. मणिबेलीच्या काठापासून तळोद्याच्या वसाहतीपर्यंतचा प्रवास केलेल्या विद्यार्थ्याला त्या संज्ञेची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

जमेच्या बाजूचे आकडे

येथे एका गोष्टीची जाणीव ठेवणे आवश्यक आहे. धरणाचा जमाखर्च एकाच रकान्याचा नाही. सौराष्ट्र व कच्छपर्यंत पोहोचलेले पाणी हा लाभ खराच आहे. १,४५० मेगावॉट क्षमतेच्या वीजनिर्मितीत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. लवादाने वाटप केलेल्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी पाव दशलक्ष एकर-फूट महाराष्ट्राच्या वाट्याला आले. विद्यार्थ्यांनी काठावर जावे ते धरणाविरुद्धचा किंवा धरणाच्या बाजूचा पूर्वग्रह पक्का करण्यासाठी नव्हे.

परंतु लाभ आणि हानी यांच्या मोजणीत एक मूलभूत विषमता असते. लाभ एकवटलेला असतो आणि त्याला मापे असतात: युनिट, घनफूट, हेक्टर. तो मोजणारी खाती असतात आणि त्या खात्यांना वार्षिक अहवाल असतात. हानी विखुरलेली असते. नदीकाठच्या गाळावरचे पेरे, गुरांचा चारा, मोहाची झाडे, नदी ओलांडून असलेली सोयरीक, बाजाराला जाण्याची वाट, यांना बाजारभाव नसल्याने ती हिशेबात शून्य धरली जातात. वस्तू मोजली गेली नाही म्हणजे ती नव्हतीच, असे कागद मानतो. महाराष्ट्रात तर माणसांच्या मोजणीचाही वाद झाला. २००१ मध्ये शासनाला न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती नेमावी लागली, त्यापाठोपाठ कृती दलाने गावोगाव जाऊन पाहणी केली, आणि अधिकृत याद्यांत नसलेली बाधित कुटुंबे पुढे आली. ज्यांची जमीन बुडाली नाही, पण चहूबाजूंनी पाण्याने वेढली जाऊन टापू बनली, त्यांना बाधित म्हणावे की नाही हाही प्रश्न त्यातलाच. दरवर्षी, एकाच ठिकाणाहून, कोणीतरी शांतपणे नोंद ठेवीत असते तर यांतील किती वाद निर्माणच झाले नसते, हा विचार करण्यासारखा आहे.

नोंदीचे हे मोल किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकालाही तितकेच आहे. नर्मदेच्या मुखाशी, भरूचच्या परिसरात, हिलसा हा मासा पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्याकडे चढतो व अंडी घालतो. धरणाखाली सोडावयाचे पाणी बराच काळ ६०० क्युसेक्स एवढेच गृहीत धरले गेले होते. नदीचा रेटा ओसरला तशी खाडीतली क्षारता वर सरकली आणि हिलशावर पोट असलेल्या मच्छीमारांची तक्रार सुरू झाली. खारे पाणी अडविण्यासाठी भाडभूत येथे बंधारा बांधण्याचे काम गुजरातने हाती घेतले, तर त्यामुळे माशांची उरलीसुरली वाट बंद होईल, अशी हरकत त्याच मच्छीमारांनी घेतली. धरणात अडकलेला गाळ मुखापर्यंत पोहोचत नाही, हा परिणाम तर डोळ्यांना दिसतही नाही. धडगावचा आदिवासी शेतकरी आणि भरूचचा मच्छीमार यांनी एकमेकांना पाहिलेले नाही. एकाच पाण्याच्या दोन टोकांना दोघेही उभे आहेत.

तापीची कथा वेगळी, पण धडा तोच. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा नवापूर व नंदुरबार तालुक्यांच्या हद्दीत शिरला. वरच्या अंगाला सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले, तेव्हा वरच्या पाणलोटात काय घडते याचे महत्त्व खालच्या शहराला कळले. गोमाई जेथे तापीला मिळते त्या प्रकाशाला भाविक स्नानासाठी येतात. शहाद्याच्या केळी-पपईच्या बागांतून वाहून येणारी खते व औषधे त्या पाण्यात किती उतरतात, हा महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातला प्रश्न आहे.

नियम आहेत, नदी दूर नाही

विद्यार्थ्यांना काठावर नेण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी जो अभ्यासक्रम आखला, त्यात क्षेत्रीय कार्याचा स्वतंत्र घटक होता: नदी, जंगल किंवा डोंगर पाहून नोंद करणे, प्रदूषित स्थळाला भेट देणे, तळे वा नदी यांसारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास करणे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या रचनेत क्षेत्र-प्रकल्पाला व समाजाशी निगडित कामाला श्रेयांकही आहेत. म्हणजे कागदावर सर्व काही आहे. नसेल तर तो काठावर उमटलेला पायाचा ठसा.

अशा अभ्यासाची परंपराही या भूमीला अपरिचित नाही. पश्चिम घाट वाचविण्यासाठी १ नोव्हेंबर १९८७ रोजी जी पदयात्रा निघाली, तिचे दक्षिणेचे टोक कन्याकुमारी होते आणि उत्तरेचे टोक याच जिल्ह्यातले नवापूर. पुढे १९९० च्या दशकात माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पश्चिम घाटातील महाविद्यालयीन प्राध्यापक व विद्यार्थी यांचे जाळे उभे राहिले आणि आपापल्या परिसरातील सजीवांच्या नोंदी त्यांनी केल्या. परदेशातील दाखला हवा असेल तर तोही आहे. १९३० च्या दशकात डडली स्टँप या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनच्या जमीनवापराची पाहणी हाती घेतली, तेव्हा शेताशेतांतून हिंडून नकाशे रंगविण्याचे काम शाळांतील मुले व शिक्षक यांनी केले. काही वर्षांत महायुद्ध पेटले, अन्नधान्य वाढविण्यासाठी कोणती जमीन नांगराखाली आणावी हे ठरविण्याची वेळ आली, आणि मुलांनी रंगविलेले ते नकाशे सरकारच्या कामी आले. विद्यार्थ्यांची नोंद म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा.

आक्षेप आणि अडचणी

अर्थात आक्षेप असणारच. पहिला आक्षेप असा की, विद्यार्थ्यांच्या मोजमापाचा भरवसा काय? उत्तर असे की, एका दिवसाच्या सहलीत केलेल्या मोजमापाचा भरवसा नाहीच. पण त्याच जागी, त्याच रीतीने, दर वर्षी त्याच महिन्यांत केलेल्या मोजमापाचा आहे. एका वर्षाची चूक दहा वर्षांच्या ओळीत आपोआप उघडी पडते. पूर्ण पातळीच्या खुणेपासून पाण्याच्या कडेपर्यंत दोरी लावावी. दर दहा मीटरवर गाळाची जाडी, वनस्पती, गुरांचा वावर आणि पेरणी टिपावी. पाण्याचा गढूळपणा पांढरी तबकडी बुडवून पाहावा. आलेल्या होड्यांतील मासळी मोजावी. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत, सातत्य लागते. तेच आपल्याकडे दुर्मिळ आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो रास्त आहे. तासिका, परीक्षा, अहवाल आणि मूल्यांकनाचे कागद यांतून सवड कोठून काढावयाची? प्रवासखर्च कोणी द्यावयाचा? शिवाय जोखीम आहे. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या पूजेसाठी निघालेल्या भाविकांची होडी धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात उलटली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज एकाही विद्यार्थ्याला होडीत पाऊल ठेवू देता कामा नये. परंतु येथेच थोडा विचार व्हावा. शहरातून आलेल्या विद्यार्थ्याला जी जोखीम एका दिवसापुरती अस्वीकार्य वाटते, ती त्या काठावरचे लोक बाजारासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी नित्य पत्करतात. २०२० मध्ये, साथीच्या भीतीने माता व बालके केंद्रावर येईनाशी झाली तेव्हा, चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवीत वस्त्यांपर्यंत जात होती, ही बातमी देशभर कौतुकाने छापली गेली. कौतुक योग्यच, पण आरोग्यसेवेचा जो खर्च राज्याने उचलावयाचा तो एका स्त्रीचे दंड उचलीत होते, हे त्या कौतुकात हरवले. क्षेत्रीय अभ्यासाने नेमके हेच आकड्यांत मांडावे: दवाखाना किती अंतरावर, किती वेळात, किती पैशांत.

तिसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही. अशा अभ्यासातून विद्यार्थी चळवळे होतील, ही ती धास्ती. वास्तविक मोजमाप शिकलेला विद्यार्थी घोषणेने सहजी भुलत नाही, मग ती घोषणा सरकारची असो वा सरकारविरोधकांची. हे विद्यार्थी तरी कोण आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. येथील महाविद्यालयांच्या वर्गांत पावरा, वसावे, तडवी अशा आडनावांच्या मुलामुलींची संख्या मोठी असते. त्यांतील काहींच्या आजोबांचे शेत त्या पाण्याखाली आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदाकाठी सुरू झालेल्या जीवनशाळांत शिकून काही जण महाविद्यालयापर्यंत आले. वनस्पतींची स्थानिक नावे, माशांच्या हालचाली, जुन्या पुराच्या खुणा यांचे ज्ञान त्यांच्या घरात आहे. प्राध्यापकाला ते पुस्तकात शोधावे लागते. या विद्यार्थ्याला 'किनाऱ्यावरील मानवी परिणाम' छापील वहीतून उतरवायला लावणे म्हणजे ज्याच्या घरी विहीर आहे त्याला पाणी विकत घ्यायला लावण्यासारखे आहे.

म्हणूनच नोंदीची मालकी कोणाची, हा प्रश्न गौण नाही. आदिवासी भागात पाहणीकरिता येणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. माणसे येतात, प्रश्न विचारतात, छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. त्यांच्या प्रबंधाचे पुढे काय झाले हे गावाला कधी कळत नाही. महाविद्यालयाच्या नोंदवहीची एक प्रत ग्रामसभेकडे राहिली, तिच्यातील निष्कर्ष पावरी वा भिलीत गावासमोर वाचले गेले आणि गावाने दाखविलेल्या चुका त्यात दुरुस्त झाल्या, तर ते संशोधनही होईल आणि नागरिकशास्त्राचा धडाही. पुढच्या पायरीवर नर्मदाकाठच्या महाविद्यालयाने भरूचकडच्या, आणि तापीकाठच्या महाविद्यालयाने सुरतकडच्या एखाद्या महाविद्यालयाशी नोंदींची देवघेव सुरू करावी. राज्यांच्या सीमा लवादाला आडव्या आल्या. विद्यार्थ्यांच्या वह्यांना त्या येण्याचे कारण नाही.

हे सर्व घडविण्यासाठी विद्यापीठाने दोनच गोष्टी कराव्यात. प्रकल्पाचे गुण सुबक बांधणीला न देता प्रत्यक्ष नोंदीला द्यावेत, आणि वही रद्दीत न जाता ग्रंथालयात क्रमांक लावून जपली जावी, असा नियम करावा. प्रवास आणि सुरक्षितता यांचा खर्च महाविद्यालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात धरला जावा. स्नेहसंमेलनाचा खर्च जर धरता येतो, तर हाही धरता येईल.

दर वर्षी पावसाळा सरताना जलाशय भरतो आणि उन्हाळ्यात उतरू लागतो. पाणी कोठपर्यंत आले होते याची खूण काही महिने दगडांवर दिसते आणि पुढच्या भरतीत पुसली जाते. ती पुसली जाण्यापूर्वी तारीख, जागा आणि उंची घालून लिहून ठेवणे, एवढेच काम विद्यार्थ्याचे आहे. आणखी वीस वर्षांनी कोणी विचारले की या काठावर काय होते आणि कोण राहत होते, तर उत्तर देण्यासाठी कोणाच्या तरी हस्ताक्षरातील एक नोंदवही असावी.